आई-बाबा अमेरिकेला येताना: सामान चेक-इन करावं की केबिनमध्ये ठेवावं?

प्रश्न: आई (६४) आणि बाबा (६८) पहिल्यांदाच आमच्याकडे येत आहेत. मार्ग मुंबई–फ्रँकफर्ट–शिकागो–कोलंबस. तिकिटावर माणशी २३ किलोच्या दोन बॅगा चालतात. बॅगा हरवतात म्हणून जमेल तितकं केबिन बॅगेतच आणायला सांग, असं मित्र म्हणतात. काय करू?

उत्तर:

जड ते सगळं चेक-इन करायला सांगा. तुमच्या मित्रांचा सल्ला तिशीतल्या, एकट्याने चार दिवसांसाठी निघणाऱ्या माणसाला लागू पडतो. साठी ओलांडलेल्या दोघांनी पहिल्याच प्रवासात आठ-आठ किलोच्या ट्रॉल्या तीन विमानांत चढवायच्या-उतरवायच्या, डोक्यावरच्या कप्प्यात उचलून ठेवायच्या, फ्रँकफर्टला या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत न्यायच्या, हे मला अजिबात पटत नाही. दोघांकडे एकेक सॅक असू द्या, समोरच्या सीटखाली मावेल एवढीच. त्या सॅकमध्ये काय जातंय हे मात्र तुम्ही स्वतः व्हिडिओ कॉलवर बसून बघा.

दुसरी गोष्ट, तिकिटात चार बॅगा बसतात म्हणून चार आणू नका. याचं कारण शिकागो. अमेरिकेत पहिल्यांदा जिथे उतरतो तिथेच इमिग्रेशन होतं आणि चेक-इन केलेल्या बॅगा आपल्या हाताने फिरत्या पट्ट्यावरून उतरवून कस्टम्समधून बाहेर काढाव्या लागतात. बॅगेवर टॅग कोलंबसचा असला तरीही. मुंबईच्या काउंटरवर ‘बॅग थेट कोलंबसला मिळेल’ असं ऐकून बरेच जण पट्ट्याकडे न फिरकताच पुढे जातात आणि बॅग शिकागोतच राहते. हे आई-बाबांना दोन-तीनदा सांगा, कागदावरही लिहून द्या.

सासूबाईंना घेऊन मी याच मार्गाने आले आहे, त्यामुळे तो पट्टा डोळ्यांसमोर आहे. बॅगा चाकं वर करून आडव्या येतात, मूठ पलीकडच्या बाजूला असते, आणि पकडेपर्यंत बॅग पुढे सरकलेली असते. सासूबाईंच्या वयाच्या एक बाई एकट्याच होत्या, तीन बॅगांसाठी पट्ट्याबरोबर चालत होत्या. शेवटी शेजारच्या मुलाने त्या उतरवून दिल्या. व्हीलचेअर सांगितली असेल तर ढकलणारा माणूस मदत करतो, पण त्याला एका वेळी खुर्ची आणि चार बॅगा कशा जमणार? माणशी एकच मोठी बॅग आणा, तीही २० किलोच्या आत. व्हीलचेअर मात्र दोघांसाठी जरूर मागा. विमान कंपनीला ४८ तास आधी कळवलं की पुरतं. बाबांना संकोच वाटेल, तरीही मागा, कारण इमिग्रेशनच्या रांगेत तासभर उभं राहावं लागू शकतं.

बाहेर पडल्यावर लगेच बॅगा परत द्यायचा काउंटर असतो, तिथे त्या सोपवायच्या. शिकागोला परदेशातून आलेली बहुतेक विमानं टर्मिनल ५ ला लागतात. पुढचं विमान दुसऱ्या टर्मिनलवरून असलं तर विमानतळाच्या आतल्या ट्रेनने जायचं आणि सुरक्षा तपासणी पुन्हा द्यायची. तिकीट बदलता येत असेल तर शिकागोत किमान तीन तास हातात ठेवा.

आता हरवण्याच्या भीतीबद्दल. एसआयटीए ही संस्था दरवर्षी बॅगांचा हिशोब मांडते. २०२४ साली दर हजार प्रवाशांमागे ६.३ बॅगांचा काही ना काही घोळ झाला, आणि त्यातल्या बहुतेक नुसत्या उशिरा पोहोचल्या. उशिराचं सर्वांत मोठं कारण विमान बदलणं, सुमारे ४१ टक्के. तुमच्या प्रवासात दोनदा विमान बदलायचं आहे, त्यामुळे बॅग कायमची गेली तर काय, यापेक्षा ती दोन दिवस उशिरा आली तर काय, याची तयारी करा. सॅक त्यासाठीच आहे.

सॅकमध्ये सगळ्यात आधी औषधं. निदान आठवड्याची तरी जवळ असावीत, दोघांची वेगवेगळ्या पिशव्यांत. गोळ्या डबीत काढून ठेवू नका आणि पट्ट्या कात्रीने कापू नका. कापलेल्या तुकड्यावर कधी औषधाचं नाव राहत नाही, कधी मुदतीची तारीख. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ रासायनिक नावासह घ्या, कारण आपल्याकडची ब्रँडची नावं तिकडच्या फार्मसीत कुणाला कळणार नाहीत. इन्सुलिन असेल तर ते कधीच चेक-इन करू नये. सामानाच्या कप्प्यात ते गोठलं तर निकामी होतं. हातातल्या सामानातली १०० मिलिलिटरची द्रवपदार्थांची मर्यादा औषधांना लागू नाही, पण तपासणीच्या वेळी ते वेगळं काढून दाखवायचं. मग चष्मा, श्रवणयंत्र, दागिने, एक जोडी कपडे, स्वेटर. पासपोर्ट, परतीचं तिकीट, तुमचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर. फोनची बॅटरी नेमकी इमिग्रेशनच्या रांगेत संपते.

पॉवर बँक सॅकमध्येच, मोठ्या बॅगेत कदापि नाही. लिथियम बॅटरीने केबिनमध्ये पेट घेतला तर कुणाच्या तरी लक्षात येतं आणि विझवता येतं. खाली सामानात पेटली तर तिथे हात पोहोचत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात बुसानजवळच्या विमानतळावर एअर बुसानचं उभं विमान जळालं, तिथेही वरच्या कप्प्यातल्या पॉवर बँकेवरच संशय गेला. म्हणून ती वर न ठेवता पायाशी, डोळ्यांसमोर ठेवा. मर्यादा १०० वॅट-तासांची आहे. २०,००० एमएएचची पॉवर बँक ३.७ व्होल्टने ७४ वॅट-तास भरते, म्हणजे चालते. आकडे पुसले गेलेली जुनी पॉवर बँक घरीच राहू द्या.

सीटखालच्या सॅकचा मी एवढा आग्रह धरते त्याचं आणखी एक कारण आहे. शिकागो–कोलंबससारख्या टप्प्यावर अनेकदा छोटं विमान असतं. वरचे कप्पे अरुंद असतात आणि केबिन ट्रॉल्या विमानाच्या दारातच काढून घेतात. औषधं आणि पासपोर्ट त्या ट्रॉलीत असले तर आयत्या वेळी, रांग खोळंबलेली असताना, सगळं उपसावं लागतं.

खाण्याचं सामान सगळं मोठ्या बॅगेत. लोणचं, ठेचा, मुरांबा तपासणीवाल्यांच्या लेखी द्रवपदार्थच. हातातल्या सामानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बरणी चालत नाही, आणि भारतातून आलेल्यांची फ्रँकफर्टला पुन्हा तपासणी होते. मेतकूट, भाजणी, गोडा मसालाही मोठ्या बॅगेतच. अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत साधारण ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पूड हातात असली की वेगळी तपासणी होते आणि ती काढूनही घेतात. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र कुठल्याच बॅगेत नकोत. खोबऱ्यातल्या तेलामुळे ते ज्वलनशील मालात धरतात आणि मुंबईतच बॅग बाजूला काढतात. ताजा कढीपत्ता आणि आंबे अमेरिकेत चालत नाहीत, आईंचा कितीही जीव गुंतला असला तरी. बाकी जे आणतील ते ‘खाण्याचे पदार्थ आहेत’ असं कस्टम्सला सांगून टाकायचं. सांगितलेली वस्तू फार तर टाकून देतात. लपवलेल्या वस्तूला दंड होतो.

बॅगेला टीएसए (अमेरिकेची विमानतळ सुरक्षा यंत्रणा) खुणेचं, म्हणजे तपासणीवाल्यांना त्यांच्या किल्लीने उघडता येणारं कुलूप लावा, साधं असेल तर तोडून बघतात. मुठीला भडक रंगाचा कापडाचा तुकडा बांधा, जुने टॅग काढा, आत तुमच्या पत्त्याचा कागद ठेवा, आणि काउंटरवर सोपवण्याआधी बॅगेचा फोटो काढायला सांगा. काळ्या बॅगांच्या गर्दीत ‘आमची काळी होती’ हे सांगून उपयोग होत नाही.

तरीही कोलंबसला बॅग आली नाही, तर विमानतळ सोडण्यापूर्वी विमान कंपनीच्या बॅगेज काउंटरवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. बोर्डिंग पासबरोबर मिळालेले बॅगेच्या टॅगचे तुकडे तेव्हा लागतात, ते बाबांच्या खिशात राहू देत. मधल्या काळात घेतलेल्या गरजेच्या कपड्यांच्या, वस्तूंच्या पावत्या जपा. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातल्या भरपाईच्या माँट्रियल करारानुसार २८ डिसेंबर २०२४ पासून भरपाईची कमाल मर्यादा माणशी १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक), म्हणजे साधारण दोन हजार डॉलर आहे. बॅग फुटून आली तर सात दिवसांत, उशिरा आली तर ती मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी दावा करावा लागतो.