एक ड्राइव्ह, अनेक मोटरी: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न: ०.७५ किलोवॅटच्या सहा थ्री-फेज मोटरी आहेत, प्रत्येकीवर एक पंखा. सगळ्यांचा वेग एकत्रच कमी-जास्त करायचा आहे. एका व्हीएफडीवर (फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग ठरवणाऱ्या ड्राइव्हवर) सहाही चालतील का? बेरीज ४.५ किलोवॅट होते, म्हणून ५.५ किलोवॅटचा ड्राइव्ह घ्यायचा विचार आहे.

उत्तर: चालतील, पण किलोवॅटची बेरीज बाजूला ठेवा आणि अँपिअरची करा. लहान मोटरींचा पॉवर फॅक्टर कमी असतो, त्यामुळे किलोवॅटच्या मानानं त्या करंट जास्त ओढतात. नेमप्लेटवर १.९ अँपिअर असेल तर सहा मोटरींचे ११.४ झाले. वर १५ टक्के राखीव धरा, म्हणजे १३.१. साडेपाच किलोवॅटचे बरेच ड्राइव्ह १२-१३ अँपिअरचेच असतात, म्हणजे राखीव काहीच उरत नाही. एक माप वरचा, १६-१७ अँपिअरचा ड्राइव्ह घ्या.

ड्राइव्ह व्ही-बाय-एफ मोडमध्येच चालवा, म्हणजे व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सीचं प्रमाण कायम राहतं. व्हेक्टर मोड एका मोटरचं गणित मांडतो. सहा मोटरींची सरमिसळ त्याला उलगडत नाही. ऑटोट्यून (ड्राइव्हनं मोटर स्वतः मोजून घेणं) करू नका, स्लिप कॉम्पेन्सेशन (लोडमुळे घटलेला वेग भरून काढणं) बंद ठेवा आणि मोटर करंटच्या पॅरामीटरमध्ये एकूण बेरीज भरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं हेच राहून जातं: प्रत्येक मोटरला स्वतंत्र ओव्हरलोड रिले (जास्त करंट ओळखून ट्रिप होणारा) हवाच. ड्राइव्हला फक्त बेरीज दिसते. समजा, पाच पंखे १.४ अँपिअरवर चालले आहेत आणि सहाव्याचं बेअरिंग धरायला लागून ती मोटर २.९ अँपिअर ओढते आहे. बेरीज ९.९. ड्राइव्हच्या लेखी सगळं मर्यादेत, आणि इकडे सहाव्या मोटरची वाइंडिंग दीडपट करंटवर जळते आहे. एका मोटरचा एक फेज सुटला तरी असंच होतं, म्हणून रिले फेज तुटल्यावर ट्रिप होणारा घ्या आणि नेमप्लेटच्या करंटवर सेट करा.

रिले स्वतः वीज तोडत नाही, हेही ध्यानात असू द्या. सहाही रिलेंचे एनसी (एरवी जोडलेले, ट्रिप झाल्यावर सुटणारे) संपर्क सिरीजमध्ये जोडून ड्राइव्हच्या बाह्य फॉल्टच्या इनपुटला द्या. कुठलाही एक रिले ट्रिप झाला की ड्राइव्ह थांबेल. एका मोटरपायी बाकीच्या पाच थांबून चालणार नसतील, तर प्रत्येकीला कॉन्टॅक्टर (विजेनं चालणारा स्विच) लावून रिलेनं तेवढीच मोटर सोडवा. मात्र तेव्हा अलार्म हवा, नाहीतर बंद पडलेला पंखा कुणाच्या लक्षातच येणार नाही.

बराच वेळ अर्ध्या वेगाखाली चालवणार असाल तर रिलेही पुरत नाही. मोटरच्या शाफ्टवरचा कूलिंग फॅनही तितकाच मंदावतो, आणि करंट ठीक असूनही मोटर तापते. अशा वेळी वाइंडिंगमधले थर्मिस्टर (तापमान ओळखणारे सेन्सर) वापरा.

प्रश्न: पाच मोटरी चालू असताना सहावी कॉन्टॅक्टरनं मध्येच जोडली तर ड्राइव्ह ट्रिप होतो. दोष कुणाचा?

उत्तर: ड्राइव्हचा नाही. पूर्ण फ्रिक्वेन्सीवर जोडलेली मोटर डीओएलसारखी, म्हणजे थेट लाइनवर जोडल्यासारखी, सुरू होते आणि सहापट करंट ओढते. १.९ ची सहापट ११.४, त्यात चालू पाच मोटरींचे ९.५; झाले २०.९ अँपिअर. १३ अँपिअरचा ड्राइव्ह १५० टक्के ओव्हरलोड सोसतो असं धरलं तरी १९.५ लाच हात टेकतो. पहिल्या क्षणाचा झटका तर याहून मोठा असतो. योग्य क्रम असा: आधी कॉन्टॅक्टर लावा, मग ड्राइव्हला रन द्या. मध्येच जोडणं टळत नसेल तर ड्राइव्ह निवडतानाच हा हिशेब धरा.

प्रश्न: लोड कमी आहे, तरी रिले अधूनमधून ट्रिप होतात. पॅनलपासून प्रत्येक मोटरला ३० मीटर केबल आहे.

उत्तर: ड्राइव्हसाठी ती ३० नव्हे, १८० मीटर केबल आहे. आउटपुटच्या वेगवान पल्सेसमुळे केबलच्या कपॅसिटन्समधून गळतीचा करंट वाहतो. रिलेला तोही मोजावा लागतो, आणि लहान मोटरच्या दोन अँपिअरच्या सेटिंगमध्ये तेवढी भर जाणवते. आधी कॅरिअर फ्रिक्वेन्सी (या पल्सेसची गती) २ ते ४ किलोहर्ट्झवर आणा. मोटरींचा आवाज वाढेल, तो चालेल. मग ड्राइव्हच्या आउटपुटला, फाटे फुटण्याआधी, चोक (करंटमधले झटके अडवणारी कॉइल) लावा. नव्यानं वायरिंग करणार असाल तर एकच जाड केबल मोटरींजवळ नेऊन तिथून फाटे काढा. रिलेचं सेटिंग वाढवून सुटका करून घेऊ नका.

प्रश्न: दोन मोटरी एकाच शाफ्टवर आहेत. समान फ्रिक्वेन्सी दिली की लोड निम्मा-निम्मा वाटला जाईल ना?

उत्तर: नेमप्लेटवरचे आरपीएम जुळत असतील तरच, तेही जवळपास. एकीवर १४०० आणि दुसरीवर १४३० असेल, तर १५०० या सिंक्रोनस वेगापासूनची स्लिप (मोटर जितके आरपीएम मागे पडते ते) १०० आणि ७० होते. शाफ्ट एकच असल्यानं दोघींची स्लिप सारखीच राहते, पूर्ण लोडला ८२ च्या आसपास. म्हणजे पहिलीवर ८२ टक्के लोड, दुसरीवर ११८. दुसरी तापत राहील. एकाच बनावटीच्या, एकाच मॉडेलच्या मोटरी लावा.

प्रश्न: दोन बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी) मोटरी एका कंट्रोलरवर चालवता येतील का?

उत्तर: नाही. रोटर कुठे आहे हे पाहून कंट्रोलर कॉइल बदलतो, आणि दोन रोटर एकाच कोनात राहत नाहीत. एकीची लय सुटते, ती थरथरते आणि तापते. दोन कंट्रोलर घ्या, वेगाचा सिग्नल दोघांना एकच द्या. ब्रशवाल्या डीसी मोटरी मात्र एका कंट्रोलरवर पॅरलल चालतात. करंटची बेरीज करा आणि प्रत्येकीला वेगळा फ्यूज द्या. सिरीजमध्ये जोडू नका: जिच्यावर लोड कमी, तीच जास्त व्होल्टेज घेऊन पळत सुटते.