बदली एकाची, घर मात्र सगळ्यांचं

बदली झालेल्या कुटुंबांना मदत करायचं काम तू नुकतंच हाती घेतलं आहेस, म्हणून सांगते. पहिल्या भेटीला नवरा-बायको दोघांनाही बोलाव. ज्याची बदली झाली, त्याला नव्या जागी तयार ओळखी मिळतात, टेबल-खुर्ची मिळते. जोडीदाराच्या वाट्याला येतात न उघडलेली खोकी. त्याची किंवा तिची नोकरी सुटणार असेल, तर तो विषय पहिल्याच दिवशी काढ. सामान बांधून झाल्यावर काढलास, तर उत्तर भांडणातूनच येईल.

होम्स आणि राहे या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्यात ताण आणणाऱ्या ४३ घटनांची यादी केली आणि प्रत्येक घटनेला ताणाप्रमाणे १०० पर्यंत गुण दिले. त्यात घर बदलणं २० गुणांचं, शाळा बदलणंही २०, राहणीमानातला बदल २५. एकेकटे आकडे किरकोळ वाटतात, पण बदलीत ते एकदमच अंगावर येतात.

मुलांना खोटं सांगू नका, असं आईबापांना बजाव. 'तिकडे खूप मजा येईल' हे वाक्य मला तर ऐकवतच नाही! एका मुलीने माझ्यासमोर विचारलं होतं, "माझ्या बाकावर आता कोण बसणार?" तिला जुन्या मैत्रिणींचा निरोप घ्यायला एक अख्खी दुपार हवी होती, बाकी काही नाही.

सामानवाल्यांचं वेळापत्रक, कागदपत्रं वगैरे तू शिकशीलच. पोचल्यावर पहिल्या आठवड्यात सगळेच उत्साहात असतात, तेव्हा फोन नाही केलास तरी चालेल. दीड-दोन महिन्यांनी मात्र आठवणीने कर, आणि तो जोडीदाराला कर.