व्हिक्टोरियन लंडनमधली भूत, प्रेम आणि खून अशी कादंबरी मराठीत लिहायची असेल तर तयारी कुठून करावी?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं लंडन, मेलेल्या बायकोचा आत्मा, मागे राहिलेल्यांचं प्रेम आणि एक खून, एवढं सगळं एका मराठी कादंबरीत बसवायचं आहे. तपशील कोणते लागतात, आणि लिहिणारे चुकतात कुठे?

माझं उत्तर: आधी साल ठरवा. कथानक नंतर. व्हिक्टोरियाची कारकीर्द जून १८३७ ते जानेवारी १९०१, म्हणजे साडेत्रेसष्ट वर्षांची. या मुदतीत लग्नाचे कायदे, बायकांचा मालमत्तेवरचा हक्क, पोलीस, दिवाबत्ती, कॅमेरा, सगळं बदललं. ‘व्हिक्टोरियन काळ’ असं मोघम धरलं की पहिल्या प्रकरणात १८५० चा घेरदार झगा आणि तिसऱ्यात १९०१ चे बोटांचे ठसे येतात, आणि जाणकार वाचक तिथेच पुस्तक मिटतो.

तुमच्या कथेला मी १८७४ चा हिवाळा सुचवेन. कारणं सांगतो.

पहिलं कारण कायद्याचं. १८३५ च्या कायद्यानं इंग्लंडमध्ये वारलेल्या बायकोच्या बहिणीशी केलेलं लग्न मुळातच रद्दबातल ठरत असे, आणि ही बंदी १९०७ पर्यंत टिकली. परदेशात जाऊन लग्न लावण्याची पळवाटही १८६१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या निकालानं बंद झाली. त्या खटल्यातलं लग्न तेव्हा डेन्मार्ककडे असलेल्या आल्टोनाजवळच्या वांड्सबेक गावात लागलं होतं. आता नायक विधुर, नायिका त्याची मेहुणी आणि भूत त्याच्या बायकोचं, असं त्रिकूट मांडा. अडचण अशी की आपल्याकडे बायको गेल्यावर मेहुणीशी लग्न करण्यात कुणाला वावगं वाटत नसे, उलट मुलांना मावशीच सांभाळेल म्हणून तेच सुचवलं जाई. त्यामुळे मराठी वाचकाला या प्रेमातला धोका आपोआप कळणार नाही. पहिल्या पन्नास पानांतच एखाद्या वकिलाच्या किंवा पाद्र्याच्या तोंडून तो सांगून टाका: लग्न रद्द, होणारी मुलं अनौरस, वारसा गेला.

दुसरं, पैसा. विवाहित स्त्रीला स्वतःची मालमत्ता पूर्णपणे स्वतःच्या नावावर ठेवता आली ती १८८२ च्या कायद्यानंतर. १८७० च्या कायद्यानं तिची कमाई आणि थोडाफार वारसा एवढंच तिला दिलं होतं. म्हणजे १८७४ मध्ये श्रीमंत बायकोच्या खुनाला हेतू तयारच आहे. तिसरं, मृत्यूची नोंद. नोंदीसाठी डॉक्टरचा दाखला सक्तीचा झाला १ जानेवारी १८७५ पासून. त्याआधीच्या डिसेंबरात एखादी बाई ‘पोटाच्या विकारानं’ गेली म्हणून पुरली गेली, तर ते सहज पटतं.

चौथं कारण सगळ्यात रसाळ. आत्म्यांशी बोलण्याचं वेड १८४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यात फॉक्स बहिणींपासून सुरू झालं आणि १८५३ पर्यंत लंडनच्या दिवाणखान्यांत टेबलं फिरू लागली. पण आत्मा चक्क देह धरून पडद्यामागून बाहेर येतो, हा प्रकार तिथे गाजला तो १८७३-७४ मध्ये. हॅकनीच्या फ्लॉरेन्स कुक या तरुण माध्यमाच्या (आत्म्यांशी संपर्क साधून देणारी व्यक्ती म्हणजे माध्यम) बैठकीत ‘केटी किंग’ नावाची पांढऱ्या वेषातली आकृती येई. डिसेंबर १८७३ मध्ये एका पाहुण्यानं तिला धरलंच. झटापट झाली, आकृती निसटली, आणि काही मिनिटांनी पडदा उघडला तर मिस कुक काळ्या कपड्यांत, बांधलेल्या अवस्थेत, पांढऱ्या कापडाचा मागमूस नाही. बंद खोलीतलं कोडं तुम्हाला रचायचीसुद्धा गरज नाही. पुढच्या वसंतात विल्यम क्रुक्स या नामांकित रसायनशास्त्रज्ञानं (थॅलियम मूलद्रव्य शोधणारा तोच) तिची परीक्षा घेतली आणि आत्मा खरा असल्याचं छापून सांगितलं. त्याचा एक मुद्दा होता की मिस कुकचे कान टोचलेले आहेत आणि केटीचे नाहीत. क्रुक्स विवाहित होता, आणि दोघांबद्दल कुजबुज झाली ती आजतागायत थांबलेली नाही.

बैठकीचं दृश्य हा तुमच्या कादंबरीचा कणा आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. सहा ते दहा माणसं गोल टेबलाभोवती बसतात, शक्यतो एक पुरुष एक स्त्री अशी, एकमेकांचे हात धरून. त्या काळात अविवाहित तरुण-तरुणीला अंधारात तासभर हात धरून बसायची मुभा दुसऱ्या कुठल्याही सभ्य घरात नव्हती. प्रेमकथेला याहून सोयीची जागा शोधून सापडायची नाही. गॅसची बत्ती बारीक करतात किंवा विझवतात. मग सगळ्यांनी भजनं म्हणायची. त्यानं वातावरण तयार होतं म्हणे. खरा उपयोग कपड्यांची सळसळ आणि पावलांचा आवाज झाकायला.

माध्यम हात कसा सोडवतं? डावीकडच्याला वाटतं आपण तिचा डावा हात धरलाय, उजवीकडच्याला वाटतं उजवा. अंधारात खोकल्याचं निमित्त करून ती एकच हात दोघांना देते: एकाला मनगट, दुसऱ्याला बोटं. दुसरा हात मोकळा. हे वाचकाला सांगू नका, दाखवा. नायिकेला जाणवू द्या की आपल्या हातातला अंगठा चुकीच्या बाजूला आहे. आत्म्याचे म्हणून ऐकू येणारे टकटक आवाज पायाच्या बोटांचे सांधे मोडून निघतात. मार्गारेट फॉक्सनं १८८८ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगमंचावर ते करून दाखवलं.

आकृती चमकायला हवी असेल तर तेलात विरघळवलेला फॉस्फरस वापरा. त्याचा मंद उजेड बाटलीचं बूच काढून हवा लागली की वाढतो, वास लसणीसारखा येतो. क्रुक्सनंही केटीला जवळून पाहायला असाच बाटलीचा दिवा वापरला होता. चमकणारा रंग मात्र १८७४ मध्ये चालणार नाही, त्याचं बाल्मेननं घेतलेलं पेटंट १८७७ चं. एक भेट तुम्हाला फुकट: आर्सेनिक हे विष तापवलं तरी लसणीसारखाच वास येतो. बैठकीत आलेल्या वासाचा अर्थ डॉक्टर एक लावतो आणि भोंदूगिरी पकडणारा दुसरा, यावर दोन प्रकरणं सहज निघतील.

अंधारात वाचकाला डोळे नसतात, म्हणून कान आणि नाक द्या. सुतकातल्या बाईच्या अंगावर क्रेप असतो, काळा, बिनचमकीचा, खरखरीत, हलला की आवाज करणारा. पावसात भिजला तर खराब होतो आणि रंग कातडीला लागतो. विधवेनं तो वर्षाहून अधिक काळ घालायचा आणि पूर्ण सुतक निदान दोन वर्षांचं. विधुराला टोपीवर काळी पट्टी पुरे, हा अन्याय नायिकेच्या मनात बोलता ठेवा. पडद्यामागून क्रेपची खरखर आली, तर आत्म्याच्या पांढऱ्या झग्याखाली कोण आहे हे शोधायला सुगावा मिळाला. आणि १८७४ मध्ये गोल घेराची क्रिनोलिन, म्हणजे झगा फुगवणारा आतला सांगाडा, गेलेली आहे. घेर मागच्या बाजूला जमा झाला आहे. पात्राला अरुंद दारातून जाताना तिरकं करणारी दृश्यं १८६० च्या कथेसाठी ठेवा.

तुमचं भूत खरं असेल, तर त्याचे नियम लिहून भिंतीवर चिकटवा. मी तीनच ठेवेन. एक, मेलेल्या माणसाला मरेपर्यंत जे ठाऊक होतं तेवढंच ठाऊक. विष हळूहळू दिलेलं असेल तर खुनी कोण हे बायकोच्या आत्म्यालाही माहीत नाही. दोन, आत्म्यानं सांगितलेलं कोर्टात उभं राहत नाही, त्यामुळे प्रत्येक इशाऱ्याला एक जमिनीवरचा पुरावा शोधावाच लागेल. तीन, त्याला काहीतरी किंमत मोजावी लागते, उदाहरणार्थ प्रत्येक भेटीनंतर एक आठवण पुसली जाते. तिसऱ्या नियमाशिवाय प्रेमकथेत ताण राहत नाही, कारण मेलेल्या माणसाला गमावण्यासारखं दुसरं काही उरलेलं नसतं. खोट्या आत्म्यांच्या बाजारात एकच खरा आत्मा, आणि त्यावर नेमका कुणाचाच विश्वास नाही, ही मांडणी मला सगळ्यात धारदार वाटते.

आता जमिनीवरचा पुरावा. १८५१ च्या आर्सेनिक कायद्यानुसार दुकानदारानं विक्री वहीत लिहायची, गिऱ्हाइकाची सही घ्यायची, आणि अनोळखी माणसाला दोघांच्या ओळखीच्या साक्षीदाराशिवाय द्यायचं नाही. शिवाय पौंडाला एक औंस काजळी किंवा अर्धा औंस नीळ मिसळायची, म्हणजे ते कुणी साखर समजून वापरू नये. दहा पौंड वजनाच्या किंवा त्याहून मोठ्या खरेदीला ही रंगाची अट सोडता येत असे. यातून तुमचा खुनी सापडतो: पांढरं आर्सेनिक ज्याच्याकडे आहे तो घाऊक घेणारा, कारखानदार किंवा त्याचा कारकून. नीळ मिसळलेलं असेल तर दुधात निळसर झाक येते, म्हणून आजारी बाईला अचानक कोको पाजायला लागलेली व्यक्ती संशयास्पद. प्रेत उकरून तपासलं तर मार्शची चाचणी आर्सेनिक दाखवते. ती १८३६ पासून आहे. रक्त माणसाचं की जनावराचं, हे मात्र १९०१ पर्यंत खात्रीनं सांगता येत नव्हतं, आणि स्कॉटलंड यार्डात ठशांचा विभागही त्याच साली निघाला. तुमच्या गुप्तहेराकडे यातलं काही नाही. तो डिटेक्टिव्ह ब्रँचचा आहे, सीआयडीचा नाही; सीआयडी १८७८ ची.

थडगं उघडण्याचा प्रसंग अतिरंजित वाटेल अशी भीती बाळगू नका. ऑक्टोबर १८६९ मध्ये हायगेट दफनभूमीत रात्री शेकोटीच्या उजेडात एलिझाबेथ सिडलची शवपेटी उघडली गेली, कारण चित्रकार-कवी नवऱ्यानं, रोझेटीनं, सात वर्षांपूर्वी कवितांची वही तिच्यासोबत पुरली होती आणि आता त्याला ती छापायची होती. तो स्वतः तिथे हजर नव्हता. वहीची पानं जंतुनाशकानं साफ करून वाळवावी लागली. हे तुमच्या कथेच्या जेमतेम पाच वर्षं आधी घडलं. उकरायला गृहमंत्र्याचा परवाना किंवा कॉरोनरचा, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचा, हुकूम लागतो, तेवढा दाखवा.

बारीकसारीक: तार वीस शब्दांना एक शिलिंग, पत्ता फुकट. फोटो ओल्या काचेच्या पट्टीवर, ती वाळायच्या आत धुवावी लागते, त्यामुळे फोटोग्राफरला जवळच अंधारखोली हवी. आत्म्यांचे फोटो हडसन नावाचा माणूस १८७२ पासून लंडनमध्ये काढून देतच होता, बहुधा आधी वापरलेल्या काचेवरच. लग्नं सकाळी आठ ते दुपारी बारा याच वेळात लागत, संध्याकाळचं मेणबत्त्यांच्या उजेडातलं लग्न लिहू नका. इंग्रजी अक्षरं छापलेला विजा बोर्ड १८९० नंतरचा आणि अमेरिकेचा. तेव्हाचं प्लँचेट म्हणजे दोन चाकं आणि एक पेन्सिल लावलेली बदामी आकाराची फळी. आपल्या हॉस्टेलातली वाटी नव्हे.

भाषेचं बोलायचं तर, पात्रांना पेशवाई मराठी देऊ नका. आडनाव घेऊन बोलणारी ही माणसं आहेत. घरातली थोरली अविवाहित मुलगी नुसती ‘मिस ग्रे’, धाकटी ‘मिस क्लॅरा ग्रे’. थोरलीचं लग्न झालं की धाकटी ‘मिस ग्रे’ होते. तारीख आणि पाकीट नसलेलं ‘प्रिय मिस ग्रे’ असं प्रेमपत्र सापडलं, तर ते बायकोला होतं की मेहुणीला? एवढ्यावर अख्खा गैरसमज उभा राहतो. नायकानं नायिकेला पहिल्यांदा नुसत्या नावानं हाक मारणं ही जवळजवळ कबुली असते. मराठीत तुमच्याकडे आणखी एक पायरी आहे, ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येण्याची. दोन्ही पायऱ्या एकाच दृश्यात खर्च करू नका. आधी ‘क्लॅरा, तुम्ही’, आणि ‘तू’ शंभर पानांनंतर. नवऱ्याला ‘अहो’ मात्र टाळा, लंडनचा दिवाणखाना लगेच सदाशिव पेठेत येतो. बायकोनं नाव घेऊन ‘तुम्ही’ म्हणावं. मोलकरणींपैकी मालकिणीच्या खास दासीला आडनावानं हाक मारतात आणि स्वयंपाकीण कुमारिका असली तरी ‘मिसेस’.

मराठी पात्र आणायचा मोह होणारच. १८७४ मध्ये तुम्हाला इंग्रज कुटुंबासोबत आलेली आया मिळेल. पण शिकलेली, स्वतःच्या मतांची मराठी नायिका हवी असेल तर साल १८९० करा. तेव्हा रखमाबाई लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये डॉक्टरकी शिकत होत्या आणि नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डला होत्या. मनाविरुद्धच्या लग्नाचा खटला लढून आलेल्या रखमाबाईंची छाया अशा नायिकेवर छान पडेल. शिवाय थिऑसॉफिकल सोसायटीच्या एक संस्थापक मॅडम ब्लाव्हाट्स्की १८७९ मध्ये मुंबईत गिरगावात येऊन राहिल्या होत्या, त्यामुळे आत्म्यांच्या बाजाराशी तिची ओळख घरूनच असू शकते. मात्र साल हललं की वरचं अर्धं सामान बदलतं. मालमत्ता आता बायकोच्या नावावर राहते, म्हणून हेतू मृत्युपत्रात शोधा. डॉक्टरच्या दाखल्याची सक्ती आहे, तेव्हा डॉक्टरला फसवा किंवा फितवा. भुतांची चौकशी करायला १८८२ ची सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च वही-पेन घेऊन हजर आहे, तार बारा शब्दांना सहा पेन्स झाली आहे आणि लग्न दुपारी तीनपर्यंत लागू शकतं. मेहुणीशी लग्न मात्र अजूनही बेकायदाच.