‘मॅच हरल्याचं इतकं कशाला लावून घ्यायचं?’

संघ हरला म्हणून समुपदेशकाकडे कोणी येत नाही. लोक येतात ते झोप लागत नाही म्हणून, चिडचिड वाढली म्हणून, किंवा घरातलं कुणीतरी हाताला धरून आणतं म्हणून. मग बोलता बोलता, ओशाळं हसत, मॅचचा विषय निघतो. मी गोव्यात काम करते, त्यामुळे माझ्याकडे ती मॅच बहुधा फुटबॉलची असते. पुण्या-मुंबईच्या सहकाऱ्यांकडे ती क्रिकेटची असते. १९ नोव्हेंबर २०२३ला अहमदाबादला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जे झालं, ते कित्येकांच्या अजून गळ्याखाली उतरलेलं नाही. प्रश्न मात्र सगळ्यांचा सारखाच: “एका खेळाचं मला इतकं का लागतं? माझ्यात काही बिघडलंय का?”

या प्रश्नासाठी मला सतीश आठवतात. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, आणि लिहायला त्यांची परवानगी आहे. फोंड्याचे, चाळिशीच्या आसपासचे, एका कारखान्यात सुपरवायझर. २०२४च्या मे महिन्यात आधी त्यांच्या पत्नीचा फोन आला. “ताई, आमचे हे रात्री दोन-दोन वाजता उठून मोबाईलवर मॅच बघतात. तीही केव्हाच संपलेली. आणि पोराशी धड बोलत नाहीत. खेळच तो, त्याचं एवढं काय?”

मॅच कोणती, हे गोव्यातल्या वाचकाला सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. २४ एप्रिल २०२४, फातोर्ड्याचं नेहरू स्टेडियम, आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) उपांत्य फेरीचा पहिला टप्पा, एफसी गोवा विरुद्ध मुंबई सिटी. सोळाव्या मिनिटाला बोरिस सिंगने गोल केला, छप्पनाव्या मिनिटाला ब्रँडन फर्नांडिसने. नव्वदाव्या मिनिटापर्यंत गोवा २-० पुढे. मग मुंबईच्या छांगतेचा गोल, पाठोपाठ मिनिटभरात विक्रम प्रतापचा, आणि भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला पुन्हा छांगतेचा. ३-२. नव्वद मिनिटं जे आपलं होतं ते सहा-सात मिनिटांत गेलं. पाच दिवसांनी अंधेरीला दुसरा टप्पा मुंबईने २-० असा जिंकला, आणि ४ मे रोजी कोलकात्यात मोहन बागानला हरवून करंडकही नेला.

सतीश पहिल्या भेटीत खुर्चीच्या टोकावर बसले होते. “मॅडम, कुणी गेलं नाही, नोकरी आहे, कर्ज नाही. मला इथे यायची लाज वाटतेय,” हे त्यांचं पहिलं वाक्य. त्यानंतर मात्र थांबेनात. २०१५ची अंतिम फेरी, तीही फातोर्ड्यालाच: सत्त्याऐंशीव्या मिनिटाला गोवा २-१ पुढे, मग गोलरक्षक कट्टीमनीच्या हातून स्वयंगोल, मग मेंडोझाचा गोल, चेन्नईयन विजेते. २०१९ची अंतिम फेरी: जादा वेळेत, शूटआउट तोंडावर आलेलं असताना राहुल भेकेचं हेडर. २०२०: साखळीत पहिलं स्थान, त्याची शिल्ड हातात, आणि उपांत्य फेरीत दोन टप्प्यांत मिळून ५-६. २०२१: उपांत्य फेरीत मुंबईच, आणि हार पेनल्टी शूटआउटमध्ये. मिनिटासकट सगळं पाठ. मला फुटबॉलमधलं फारसं कळत नव्हतं, पण एवढं कळलं की हा माणूस एका मॅचचं दुःख करत नाहीये. २०१४ला संघ उभा राहिला तेव्हापासूनचं साचलेलं त्यांनी माझ्यापुढे मांडलं होतं.

असं कुणी आलं की मी काही गोष्टी विचारतेच. दारू वाढली आहे का? मॅचवर पैसे लावले होते का, कुठल्या ॲपवर किंवा मित्रांत? (हा प्रश्न घरच्यांसमोर विचारत नाही, खरं उत्तर मिळत नाही.) कामावर चुका होतात का? जगणं नकोसं वाटतं का? मॅचच्या आगेमागे घरात काही घडलं होतं का? सतीशच्या बाबतीत सगळ्याची उत्तरं ‘नाही’ अशी आली, आणि ती खरी होती. वडील ठणठणीत, साळगावकर या गोव्याच्या जुन्या क्लबचे चाहते. मुलाच्या संघाची ते थट्टा करायचे. लग्न सुरळीत. आमच्या व्यवसायात एक खोड आहे: समोरच्याच्या दुःखाखाली दुसरं, जास्त भारदस्त दुःख शोधत बसायचं. मॅचच्या नावाखाली बापाची आठवण, नाहीतर बालपणीचं काही. कधी तसं असतं. सतीशचं दुःख मॅचचंच होतं, आणि ते तसं मान्य करण्यावाचून पुढे जाता येणार नव्हतं.

आता ‘खेळच तो’ याबद्दल. पत्नी म्हणाली, मित्र म्हणाले, कारखान्यातले म्हणाले. कुणाचाच हेतू वाईट नव्हता. पण दुःख करणाऱ्याला हे ऐकवलं की दुःख कमी होत नाही. त्यावर लाजेचा एक थर चढतो, आणि माणूस ते लपून करायला लागतो. रात्री दोन वाजता, मोबाईलवर, आवाज बंद करून.

प्लेऑफची, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेरीची, रचनाही इथे समजून घ्यायला हवी. त्या मोसमात गोव्याने साखळीत बावीस सामने खेळून ४५ गुण मिळवले आणि तिसरं स्थान घेतलं. मुंबईबरोबरच्या त्या मॅचच्या चार दिवस आधी चेन्नईयनला २-१ हरवून ते उपांत्य फेरीत पोचले होते. सहा-सात महिन्यांची उठाठेव, आणि निकाल काही मिनिटांत. साखळीत हरलं तर पुढच्या आठवड्यात दुसरी मॅच असते, मन तिकडे वळतं. प्लेऑफमध्ये हरलं की समोर काहीच नसतं. शिवाय थोडक्यात हुकलेलं जास्त छळतं. १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधल्या खेळाडूंच्या चेहऱ्यांचा अभ्यास अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी केला होता. त्यात रौप्यपदकवाल्यांपेक्षा कांस्यपदकवाले अधिक खूश दिसले. रौप्यवाल्याच्या मनात हुकलेलं सुवर्ण असतं, कांस्यवाल्याच्या मनात ‘निदान पदक तरी मिळालं’ हे असतं. सतीश ४-० असे हरले असते तर घरी परतताना बोरीच्या पुलापर्यंत शिव्या देऊन मोकळे झाले असते.

पुन्हा पुन्हा बघण्याबद्दल मी त्यांना विचारलं, “नेमकं काय बघता?” शेवटची दहा मिनिटं. फक्त तीच. दुखऱ्या दातावर जीभ जावी तसं ते तिथेच जात होते. कुठे चेंडू बाहेर मारायला हवा होता, कोण जागेवर नव्हता, प्रशिक्षक मार्केझनी कुणाला आत आणायला हवं होतं. आपण यातून काहीतरी शोधून काढतोय असं त्यांना वाटत होतं. सापडत काहीच नव्हतं, कारण सापडण्यासारखं पहिल्या दोन वेळातच सापडलं होतं.

‘बघणं बंद करा’ असं मी कधी सांगत नाही. बंदीने ओढ वाढते. मी वेळ आणि जागा बदलायला सांगितली. रोज संध्याकाळी सातला, हॉलमधल्या टीव्हीवर, सगळ्यांदेखत, वीस मिनिटं. आणि सुरुवात पहिल्या मिनिटापासून. उद्या पुढची वीस मिनिटं. अंथरुणात मोबाईल नाही. मध्येच रात्री मॅच आठवली तर ‘उद्या सातला’ एवढंच स्वतःला म्हणायचं. त्याच्या जोडीला एक लेखी काम दिलं: त्या दिवसाचं वर्णन, घरातून निघाल्यापासून एकोणनव्वदाव्या मिनिटापर्यंत. त्यापुढचं लिहायचं नाही.

पुढच्या भेटीला ते वही घेऊन आले. मुलाबरोबर मडगावात गाड्यावर खाल्लेलं रस-ऑम्लेट होतं त्यात. मुलाच्या गालावर कुणीतरी रंगवलेला क्लबच्या चिन्हातला नारिंगी गवा होता. ब्रँडनचा गोल झाल्यावर शेजारच्या अनोळखी पोलिसाने मुलाला उचलून घेतलं, हे तर ते साफ विसरले होते. “मॅडम, चांगला दिवस होता तो,” म्हणाले, जरा नवल वाटल्यासारखे. आणि मग, वही मिटून, खरी गोष्ट सांगितली.

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला त्यांनी ठाण्याच्या मेहुण्याला व्हॉट्सॲप केलं होतं. मेहुणा मुंबई सिटीवाला. “आता अंधेरीला फक्त सोपस्कार.” संदेश गेला आणि दोन मिनिटांत पहिला गोल खाल्ला. साधारण त्याच वेळी मुलाने विचारलं होतं, “पप्पा, जिंकलो ना आपण?” मॅच संपल्यावर पार्किंगमध्ये ते दहा वर्षांच्या पोरावर ओरडले: “आधीच बोललास, म्हणून हरलो!” घरापर्यंत गाडीत कोणी बोललं नाही. दुसऱ्या टप्प्याच्या दिवशी त्यांनी टीव्हीच लावू दिला नाही. मुलगा शेजाऱ्यांकडे जाऊन बघून आला.

कारखान्यात मोजमापावर जगणारा माणूस, तो आपल्या संदेशाने गोल झाला असं मानतो का? विचारलं तर हसून ‘छे’ म्हणतो. पण पोटात मानतोच. मॅच बघणारे आपण बहुतेक सगळे मानतो: ठरलेला शर्ट, ठरलेली खुर्ची, विकेट पडली तेव्हा जो उठला होता त्याने पुन्हा उठायचं. मैदानावर आपला काहीच इलाज चालत नाही हे सोसत नाही, म्हणून आपण स्वतःकडे थोडी सत्ता घेतो. जिंकल्यावर हे सगळं गमतीचं असतं. हरल्यावर त्याच सत्तेचा दोष अंगावर येतो, आणि अंगावर आलेला दोष माणूस जवळच्या लहान माणसाकडे सरकवतो. सतीशनी आपला संदेश लपवला आणि मुलाचं वाक्य धरलं.

संघाच्या पराभवावर रडणं, दोन दिवस जेवण न जाणं, ऑफिसात कुणाशी बोलावंसं न वाटणं, यात मला उपचार करण्यासारखं काही दिसत नाही. घरातल्या दुसऱ्या माणसाला त्याची किंमत मोजावी लागली, की मात्र माझं मत बदलतं. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या पोलीस नोंदींचा एक अभ्यास आहे, २००२, २००६ आणि २०१० या तीन विश्वचषकांचा. इंग्लंड हरलं त्या दिवशी घरगुती मारहाणीच्या तक्रारी ३८ टक्क्यांनी वाढल्या. जिंकलं किंवा बरोबरी झाली तरी २६ टक्क्यांनी. जिंकल्यावरही वाढतात हे लक्षात घ्या. सतीशनी हात उगारला नव्हता, आणि त्यांना त्या रांगेत बसवायचा माझा हेतू नव्हता. पण हे आकडे मी त्यांना सांगितले, कारण “मॅचमुळे झालं हो” ही सबब मला चालू द्यायची नव्हती.

मुलाशी बोलायचं ठरलं. काय बोलायचं याची आम्ही तालीम केली, कारण बापाला मुलाची माफी मागायची सवय नसते आणि ती बहुधा भाषणात बदलते. तीन गोष्टी ठरल्या. ओरडलो ते चुकलं, हे पहिल्याच वाक्यात. ‘पण’ हा शब्द नाही. आणि मेहुण्याला पाठवलेला संदेश मोबाईलवर दाखवायचा.

मुलाने संदेश वाचला, आणि नंतर सतीशनी मला सांगितलं तसं, जरा विचार करून म्हणाला, “पप्पा, पण तेव्हा स्टेडियममधले सगळेच म्हणत होते जिंकलो म्हणून. ते गाणंपण म्हणत होते.” माझ्या शास्त्रात याला तर्कदोष तपासणं म्हणतात आणि त्यासाठी तक्ते असतात. त्याने ते एका वाक्यात उरकलं. इतके दिवस तो मात्र ते स्वतःच्या बाबतीत म्हणू शकला नव्हता. बापच म्हणतो म्हटल्यावर त्याला ते खरंच वाटलं होतं. क्लबची नारिंगी जर्सी त्याने कपाटात अगदी खाली कोंबून ठेवली होती, हे आईला तेव्हा कळलं.

रात्रीचं जागरण आठवडाभरात सुटलं. सातच्या बैठकीचा सतीशना कंटाळा येऊ लागला, आणि अशा उपायात कंटाळा येणं ही चांगली खूण. एवढ्यावर सगळ्यांचं भागत नाही. तीन-चार आठवड्यांनंतरही झोप आणि भूक ताळ्यावर नसेल, कामात लक्ष नसेल, पिणं वाढलं असेल किंवा मॅचवर पैसे हरून लपवले असतील, तर तो प्रश्न फुटबॉलचा राहिलेला नसतो. जीव नकोसा वाटत असेल तर तितकंही थांबू नये. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येतं. घरच्यांनी ‘खेळच तो’ म्हणण्याऐवजी “कुठला गोल जास्त लागला?” असं विचारावं. दहा मिनिटं ऐकावं लागेल. ऑफसाइडचा नियम कळला नाही तरी चालतं.

शेवटच्या भेटीला पत्नीही आल्या होत्या. त्यांचा प्रश्न सरळ होता: “पुढच्या मोसमाला तिकिटं काढू देऊ का यांना?” मी म्हटलं, जरूर, पण तुम्हीही जा, आणि येताना गाडी तुम्ही चालवा. हे ऐकून सतीशचा चेहरा पडला, पण कबूल झाले.

मे २०२५मध्ये गोव्याने भुवनेश्वरला जमशेदपूरला ३-० हरवून सुपर कप जिंकला, तेव्हा सतीशचा फोटो आला, तिघेही नारिंगीत. करंडकाने जखम भरते यावर माझा फारसा विश्वास नाही, त्यामुळे मला जास्त मोलाचा वाटला तो त्याआधी महिनाभर, ६ एप्रिलला आलेला त्यांचा संदेश. फातोर्ड्यालाच, पुन्हा उपांत्य फेरी. बेंगळुरूकडून पहिल्या टप्प्यात ०-२, दुसऱ्यात गोव्याने दोन्ही गोल फेडून एकूण बरोबरी साधलेली, आणि भरपाई वेळेच्या दुसऱ्या मिनिटाला चाळीस वर्षांच्या सुनील छेत्रीचं हेडर. पुन्हा बाहेर. संदेश रात्री साडेअकराला आला होता: “मॅडम, हरलो. परत तसंच. गाडी ही चालवतेय. मागे बसून मुलगा एकच विचारतोय, चाळीस वर्षांच्या माणसाला एकटं कसं काय सोडलं? मला उत्तर सुचत नाहीये.”

मलाही सुचलं नाही. तसंच कळवलं.