पगाराचा पैसा कुठून येतो ते आधी बघ

प्रिय बेटा,

कॅम्पसमधून निवड झाली, ऑफर लेटर हातात आलं आणि आता जॉइनिंगची तारीख पुढे ढकलली. घरचे म्हणतात नागपुरात काही उरलं नाही, पुण्याला जा. जायचं की नाही ते तू ठरव, पण त्याआधी एक समजून घे. मंदी अख्ख्या शहरावर एकाच दिवशी येत नाही. ज्या पैशावर ती येते, त्या पैशावर चालणारी कामं आधी थांबतात. म्हणून कंपनीचं नाव नंतर बघ. तिचं गिऱ्हाईक कोण आणि ते पैसा कुठून आणतं, हे आधी बघ.

मिहान म्हणजे विमानतळाजवळचा औद्योगिक पट्टा, तिथल्या आयटी कंपन्यांचा पैसा बहुतेक परदेशातून येतो. 2008 च्या सप्टेंबरात अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली, आणि इकडे देशभरातल्या फ्रेशर्सच्या जॉइनिंगच्या तारखा पुढे गेल्या. तुझ्या बाबतीत घडतंय ते त्याच जातीचं आहे, तुझ्या गुणवत्तेशी त्याचा संबंध नाही. इतवारी-गांधीबागेतल्या ठोक बाजाराचं गणित निराळं. तो विदर्भाच्या शेतावर जगतो. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन निघतं, पाठोपाठ कापूस. भाव बरा मिळाला की कापड, भांडी, सोनं, दुचाकी सगळं उठतं, मग परदेशात काहीही चालू असो. भाव पडला तर आयटी जोरात असतानाही दुकानातली माणसं कमी होतात. हिंगण्याच्या एमआयडीसीत ट्रॅक्टर बनतात, त्याला सुटे भाग पुरवणारे छोटे कारखाने आजूबाजूला आहेत. त्यांचीही नजर पावसाकडेच. वेकोलि (सरकारी कोळसा खाणी), मॉइल (सरकारी मँगनीज खाणी), कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रं आणि रेल्वे यांच्यावर झळ उशिरा येते. धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांत मध्य प्रदेश-छत्तीसगडचे रुग्ण येतच राहतात. शहराला इतके वेगवेगळे आधार आहेत हे आपलं नशीब. एकाच गिरणीवर वस्तीच्या वस्ती जगत होत्या असा काळही या शहराने पाहिलाय: एम्प्रेस मिल 1877 ला सुरू झाली, बंद पडली, आज तिच्या जागेवर मॉल उभा आहे.

कारखान्यात कपात कशी होते ते नीट बघ, कारण तुझ्या डिप्लोमावर पहिली नोकरी तिथेच मिळायची शक्यता जास्त. आधी ओव्हरटाइम थांबतो. मग तिसरी पाळी बंद होते. मग ठेकेदाराच्या माणसांना सांगतात, उद्यापासून येऊ नका. त्यानंतर ट्रेनी आणि ठराविक मुदतीवर घेतलेले. कायम कामगारापर्यंत हात सगळ्यात शेवटी पोचतो. म्हणून गेटवर कंपनीची पाटी मोठी आहे यावर जाऊ नकोस. तुझं नाव कोणाच्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, चढणार ते विचार. नेमणूक पत्रावर आणि गेटपासवर ठेकेदाराचं नाव असेल तर तू त्याचा माणूस, कंपनीचा नव्हे. तशी नोकरी करूच नये असं नाही, पण काय हातात घेतोय ते माहीत असावं.

नोकरी लागली की एक सवय लाव. दर महिन्याच्या 20 तारखेला पीएफचं पासबुक उघडून बघ. तुझ्या पगारातून कापलेले 12 टक्के आणि मालकाचा वाटा पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचा असतो. पासबुकात दिसायला थोडे दिवस लागतात, तेवढे धर. पण पगाराच्या स्लिपवर कपात दिसते आणि पासबुकात दोन-दोन महिने नोंद नाही, तर कंपनीची रोकड आटली समज. पगार उशिरा होण्याच्या कितीतरी आधी हे दिसतं. अशा वेळी स्लिपा, नेमणूक पत्र आणि बँकेच्या नोंदी घरी जपून ठेव आणि दुसरं काम शोधायला लाग.

मधल्या काळात रिकामा बसू नकोस. 30 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के ॲप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ उमेदवार, घ्यावेच लागतात. कायद्याचं बंधन असल्याने मंदीतही हे दार पुरतं बंद होत नाही. डिप्लोमा असल्याने तू नॅट्सच्या, म्हणजे सरकारच्या ॲप्रेंटिस योजनेच्या, पोर्टलवर नाव नोंदव. स्टायपेंड थोडा मिळेल, पण वर्षभर मशीनला हात लागेल. वीज केंद्रांच्या संचांची मोठी दुरुस्ती बहुधा पावसाळ्यात, विजेची मागणी उतरल्यावर काढतात. तेव्हा ठेकेदारांना फिटर, वेल्डर, सुपरवायझर लागतात. नागपूरला लागून असलेल्या वाडीतल्या गोदामांचं कामही कमी लेखू नकोस. ई-वे बिल (गाडीतल्या मालासोबतचा जीएसटीचा कागद), आवक-जावक, संगणकातला साठा आणि रॅकवरचा माल जुळवणं हे महिनाभरात शिकता येतं. तिथे माणूस टिकत नाही तो बहुधा साठ्यातल्या फरकामुळे: घाईत माल आधी गाडीत चढवतात, नोंद संध्याकाळी करतात, आणि तोवर कुठलं खोकं कुठल्या गाडीत गेलं ते विसरलेलं असतं. खोकं हलायच्या आधी स्कॅन, एवढं पाळ.

पैशाचं साधं गणित ठेव. भाडं, मेस, पेट्रोल, घरी पाठवायचे असं मिळून महिन्याला 14,000 रुपये होत असतील तर सहा महिन्यांचे 84,000 वेगळे पडेपर्यंत हप्त्यावर गाडी घेऊ नकोस. आणि वेकोलित किंवा रेल्वेत "लावून देतो" म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नको, तो नात्यातला असला तरी. अशी माणसं मंदीतच जास्त फिरतात, आणि त्यात बापाची जमीन जाते.

आता तुझ्या ऑफरचं. एचआरला आजच मेल टाक: नवी तारीख कोणती, ऑफर कायम आहे का, तोवर दुसरीकडे काम केलं तर चालेल का. फोनवर विचारू नकोस, लेखी उत्तर हवं. दोन आठवडे थांब, पुन्हा एकदा विचार. तरी तारीख मिळाली नाही तर ती ऑफर आहे असं धरून चालू नकोस. बॉण्डचा, म्हणजे ठराविक काळ नोकरी सोडणार नाही असा, कागद असेल तर सही करण्याआधी त्याचा फोटो मला पाठव.