युरोपने लिक्विड स्मोक (धुराची चव देणारा द्रव अर्क) बंद केलं म्हणे. मग ते विषारी आहे का, आणि त्याऐवजी कोळशाची धुरी बरी का?

खरं तर युरोपीय संघाने 2024 मध्ये आठ धूर-अर्कांच्या परवान्यांचं नूतनीकरण नाकारलं. चिप्स, सूप, सॉस अशा निव्वळ चवीसाठीच्या वापराला 1 जुलै 2026 पर्यंत मुदत दिली. हॅम, मासे, चीज यांत हा अर्क प्रत्यक्ष धुरी देण्याऐवजी वापरतात, म्हणून तिथे 1 जुलै 2029 पर्यंत.

कारण बहुतेकांना वाटतं ते नाही. हा अर्क बनवताना लाकडाचा भुसा कमी हवेत तापवतात, धूर पाण्यात उतरवतात, खाली बसलेलं डांबर आणि तेलकट थर वेगळा करतात. त्यामुळे बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक संयुगं बरीच कमी होतात. मूळ अर्कात बेंझोपायरीनची मर्यादा किलोला 10 मायक्रोग्रॅम होती आणि अर्क अन्नात अगदी थोडा पडतो. म्हणून वर्षानुवर्षं तो धुरीपेक्षा सुरक्षित मानला गेला. पण युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2023 मध्ये पुन्हा तपासणी केली, तेव्हा पाण्यात राहणाऱ्या इतर घटकांवर बोट ठेवलं. आठही अर्कांबाबत डीएनएला इजा होण्याची शंका एक तर खरी ठरली, नाहीतर दूर करता आली नाही. अशा घटकासाठी 'इतकं चालेल' अशी मात्रा ठरवता येत नाही. म्हणून मर्यादा आणखी खाली आणण्याऐवजी परवानाच थांबवला. मला हा निर्णय योग्य वाटतो. अधूनमधून चार थेंब खाल्ले असतील तर घाबरू नका. हा प्रश्न आयुष्यभर रोज पोटात जाण्याचा आहे.

पण यावरून धुरी निर्धोक ठरत नाही. धूर तोच, आणि त्यातलं डांबर कुणी गाळलेलं नसतं. युरोपात धुरावलेल्या मांसात बेंझोपायरीन किलोला 2 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, घरी मात्र मोजणार कोण? तूप निखाऱ्यावर पडून जळतं तेव्हा ही संयुगं वाढतात. म्हणून कोळसा वर राखाडी राख धरेपर्यंत पेटू द्या, तूप दोन-तीन थेंबच घाला, झाकण दोन मिनिटांत काढा. रसायन लावलेला, झटपट पेटणारा कोळसा नको. खिडकी उघडी ठेवा, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

युरोपातल्या पाकिटावर घटकांच्या यादीत 'स्मोक फ्लेवरिंग' असं स्पष्ट लिहावं लागतं. रोज खायच्या वस्तूंवर आधी तेच शोधा.