अक्कलदाढ काढल्यावरचा तिसरा दिवस : घाबरू नका, पण खड्ड्यात काडी घालू नका

तुम्ही लिहिलंय की खालची आडवी अक्कलदाढ काढून आज तिसरा दिवस, गाल टम्म फुगलाय, तोंडात दोन बोटंही जात नाहीत, खड्ड्यात पांढरं काहीतरी दिसतंय, आई लवंगेचं तेल लाव म्हणतेय आणि रविवारी मित्रांबरोबर मिसळ ठरलीय. माझ्या खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढा अशाच काढल्यात, म्हणून सांगतो. सूज, जबडा आखडणं, पांढरेपणा हे चालायचंच. मिसळ मात्र रद्द करा.

आडवी दाढ काढताना हिरडी चिरतात, थोडं हाड कोरतात, बऱ्याचदा दाढेचे तुकडे करावे लागतात. त्यामुळे सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, मग उतरायला लागते. बर्फाचं काम पहिल्या दिवसापुरतं होतं. आता बाहेरून कोमट शेक घ्या आणि दिवसातून चार-पाच वेळा जबडा सहन होईल एवढाच उघडून मिटा. जोर लावू नका.

आता ते पांढरं. खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते आणि तिच्यावर पांढरट-पिवळट थर धरतो. बहुतेक वेळा तो पू नसतो, जखम भरतेय त्याचीच खूण असते. मोबाईलचा टॉर्च मारून आरशात बघायचा मोह सगळ्यांना होतो. बघा खुशाल, पण टूथपिक किंवा जीभ लावू नका. ती गुठळी निघाली की खालचं हाड उघडं पडतं, तेच ड्राय सॉकेट. म्हणून तर स्ट्रॉ नको, जोरात थुंकणं नको, आणि सिगारेट, तंबाखू, मिश्री अजिबात नको. कोमट पाण्याच्या ग्लासात अर्धा चमचा मीठ घाला, घोट तोंडात घेऊन मान हळूच कलती करा आणि बेसिनवर वाकून पाणी आपसूक गळू द्या. खळखळून चूळ भरायची नाही.

ओळखायचं कसं? दुखणं रोज थोडं कमी होत असेल तर सगळं ठीक. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उलट वाढलं, कानापर्यंत ठणका जायला लागला, तोंडाला घाण वास आला, तर डॉक्टरांकडे जा. ते खड्डा धुऊन औषधाची पट्टी ठेवतात, बऱ्याच जणांना लगेच आराम पडतो. त्या पट्टीत बहुधा युजेनॉल असतं, म्हणजे लवंगेतलंच द्रव्य. आईचं अगदीच चुकत नाही! पण घरातलं तेल थेट उघड्या जखमेवर ओतलं तर आतली कातडी भाजते. ते टाळा.

खायला गुरगुट्या भात, मुगाची पातळ खिचडी, नाचणीची पेज, ताक, कुस्करलेलं केळं. सगळं कोमट किंवा गार, आणि दुसऱ्या बाजूने. मिसळीचा तिखट रस्सा तर झोंबतोच, पण खरा त्रास फरसाणीचा. शेवेचा तुकडा खड्ड्यात जाऊन बसला की दिवसभर जीभ तिथेच. चिवडाही नको. पेनकिलर रिकाम्या पोटी घेऊ नका. गोळ्यांत मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक असेल तर दारू बंद, त्यात वाईनही आली. नाशिकमध्ये राहून हे वेगळं सांगावं लागतं, कारण इथे वाईनला कुणी दारू म्हणतच नाही.

ताप चढला, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, सूज हनुवटीखाली गळ्याकडे उतरायला लागली, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा, रात्री दोन वाजले असले तरी. पुन्हा रक्त आलं तर स्वच्छ गॉजची घडी अर्धा तास घट्ट चावून धरा, तरी थांबलं नाही तर फोन करा.

आणि एक विचारायचं राहिलं : खालचा ओठ किंवा हनुवटी अजून बधिर आहे का? भुलीचा असर काही तासांत जातो. तिसऱ्या दिवशीही बधिरपणा असेल तर दाढेजवळची नस दुखावलेली असू शकते. बहुतेकांची संवेदना काही आठवड्यांत-महिन्यांत परत येते, पण टाके काढायच्या दिवसापर्यंत थांबू नका, डॉक्टरांना आजच सांगा.